एक मिनिट रोज

उन्मेष जहाजावर जाताना म्हणाला,
रोज एकदा चालू कर, नाहीतर बॅटरी बसेल.
मी बॅटरी बसू दिली नाही.
पाच महिने, लॅबमधून सुटल्यावर,
रबाळ्याच्या गाळ्याचं शटर अर्धं उचलून
वाकून आत,
चोक ओढून
एक मिनिट. कधी दीड.
चारी सिलिंडर बोलले की बंद.
शेजारचे पावडर-कोटिंगवाले ओरडायच्या आत.

गाडी म्हणजे चौकोनी पाइपांचा सांगाडा,
मारुतीची चाकं, पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची,
आणि मागे कुर्ल्याहून टेम्पोत आणलेलं
कुठल्याशा आपटलेल्या जपानी बाइकचं इंजिन.
आई म्हणते, खाटेला चाकं लावलीत.
रिव्हर्स नाही तिला. मोटरसायकलला कुठे असतो?

सोमवारी स्टार्टर फिरत राहिला, फिरत राहिला.
नुसता पेट्रोलचा वास.

दशरथकाका आले दिवाळ्याहून,
होड्यांची इंजिनं उघडण्यात हयात गेलेले,
प्लगपाना सुतळीने कमरेला.
चार प्लग काढले, ओले, काळे.
कल्ले उचलून मासळी बघावी
तसा एकेक नाकाशी नेला.
"मेला नाय गो पोरी. बुरलाय."

किती वेळ चालवायचीस?
एक मिनिट, मी म्हटलं. रोज. न चुकता.
शेवटचं जरा अभिमानानेच.
काका प्लगकडेच बघत राहिले.
"म्हंजे रोज घास भरवलास,
न् गिलू नाय दिलास."

पंपाचा फ्यूज उपटून खिशात टाकला,
शटर पार वर, दिवा बंद,
बाजूला हो म्हणाले, आणि स्टार्टर दाबला.
चार भोकांतून
पाच महिन्यांचं पेट्रोल
फस्सकन अंधारात.
बुडालेल्याला पालथा घालून
पाठ चेपतात, तसं.

इथे काडी ओढायची नाही, म्हणून प्लग घरी,
रुमालात बांधून, घणसोलीला.
आईने दुधाचं पातेलं उतरवलं, बोलली काही नाही.
सांडशीत धरला पहिला.
आधी पिवळा भडका, मग धूर,
मग काजळी आपोआप मागे सरकत गेली
आणि आतून चिनीमाती पांढरी निघाली,
टोकाला मंद लाल.
"पाण्यात नको टाकू, तडकंल. आपलं आपण निवू दे."
उपड्या ताटावर चौघे ओळीने.
आईने विचारलं, चहा ठेवू का यांच्यातच?

पितळी ब्रश. मग पात्याने फट मोजणं,
चष्मा कपाळावर, श्वास धरून.
तिसऱ्याची फट जास्त होती,
ओट्याच्या कडेवर हलकीच टिचकी दिली.

अकराला परत गाळ्यात.
फ्यूज जागेवर. हाताने आटे, मग पान्याने पाव फेरा.
बॅटरीला टेम्पोवाल्याचा आधार.
एकदा काही नाही.
दुसऱ्यांदा खोकली.
मग तीनवर लंगडत चालू झाली,
काकांनी बोटाला थुंकी लावून
पाइप शिवून पाहिले,
चर्र, चर्र, चर्र,
चौथा गार.
आम्ही थांबलो. पावडर-कोटिंगवाला पोरगाही
दारात येऊन थांबला.
चर्र.

"आता बंद केलीस तर माझ्याशी गाठ. जा."
कुठे?
"तापंपर्यंत."

मी ती कधी चालवली नव्हती.
फक्त ऐकली होती.
एमआयडीसीचा रस्ता रिकामा, कुत्री दुभाजकावर,
डावीकडे पारसिकचा काळा डोंगर,
खुर्ची खडखडते, दुसऱ्या गिअरला माझ्या तोंडून शिवी,
तिसऱ्याला काही नाही,
कारण वारा तोंडात.
बंद पडलेल्या कंपनीच्या फाटकापाशी
रस्ता संपला, तेव्हा पंखा लागला.
तापली होती.

आणि रिव्हर्स नव्हता.

वॉचमन बॅटरी घेऊन आला,
गाडीभोवती एक फेरी मारली,
न विचारता पुढून ढकलायला लागला.
"आवाज केवढा, मॅडम. वजन तर काहीच नाही."

उन्मेषला रात्री एकच ओळ पाठवली:
बॅटरी उत्तम आहे.