भट्टीची वही

हदासानं अश्दोदहून पाठवलं ते एवढंच:
कोंबडी अख्खी, एकशे तीस डिग्री, चार तास,
बाबा, घाई करू नका.
किती किलोची, ते नाही.
फ्रीजमधून काढून किती वेळ बाहेर ठेवायची, तेही नाही.
असल्या जॉबकार्डावर मी सही केली नसती.

एकतीस वर्षं वागळे इस्टेट, सोळा नंबर रोड,
हीट ट्रीटमेंट.
गिअर, शाफ्ट लाल करायचे
आणि लाल ठेवायचे.
इंचाला एक तास, डिचोलकर फोरमन सांगायचा,
बाहेरून तापलं म्हणजे आतून तापलं असं नाही,
लोखंड असो की मेव्हणा.

आता चरईत तिसऱ्या मजल्यावर
अठ्ठावीस लिटरची भट्टी आहे, पत्र्याची.
तिचा काटा खोटं बोलतो.
साखर वितळते एकशे शहाऐंशीला;
वाटीत चिमूटभर ठेवून टक लावून बसलो,
काटा दोनशे सातवर गेला तेव्हा कुठे तिचं पाणी झालं.
म्हणजे एकवीस डिग्रीची थाप.
वहीत लिहून ठेवली.

कोंबडी एक किलो सहाशे चाळीस.
छाती अडीच इंच, फूटपट्टी लावून.
डिचोलकरच्या हिशेबानं अडीच तास,
हदासाच्या हिशेबानं चार,
पण पोलादात हाडं नसतात,
पोटात लिंबू नसतं,
आलं-कोथिंबिरीचं वाटण कातडीखाली बोटांनी सारलेलं नसतं.
तीन तास चाळीस मिनिटांवर तडजोड केली.

शब्बाथचे दिवे पाच सेहेचाळीसला.
त्याआधी वीस मिनिटं ती नुसती पडून राहणार.
उलटं मोजत आलो तर
एक सेहेचाळीस.
एक सेहेचाळीसला दार लावलं.

तीन वीसला लाइट गेली.

शुक्रवार महावितरणचाही असतो,
हे मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं.
पंखा थांबला, भट्टीचा दिवा विझला,
खालून कुणीतरी ओरडलं, सगळ्यांचीच गेलीय का?
दार उघडून बघावंसं फार वाटलं.
नाही उघडलं.
मलकाची गोधडी काढली कपाटातून
आणि भट्टीवर घातली, कडा खोचून,
तापातल्या पोराला घालतात तशी.
मग स्टूल घेऊन शेजारी बसलो.
चौथी पाळी, मी एकटा.

चार बाराला आली.
आता ही बावन्न मिनिटं कशी धरायची?
पूर्ण? निम्मी?
उष्णता होती, पण उतरती.
पेन्सिल कानावर, आणि आठवलं,
काही माल आम्ही मुद्दाम असाच ठेवायचो,
आग बंद, दार बंद, रात्रभर.
भट्टीतच निवलेलं पोलाद मऊ होतं.
त्याचा दर आम्ही जास्त लावायचो.

पाच सव्वीसला की पाच तीसला, कधीतरी, दार उघडलं.
मलकानं आयुष्यात मिनिटं मोजली नाहीत.
ती कोंबडीची तंगडी धरायची, हलकेच हलवायची,
निघालेल्या पाहुण्याचा हात हातात घ्यावा तशी.
सैल लागली तर झालं.
मी धरली.
ती हातातच आली.

पेझारकर आले, नवी कवळी घालून, जरा घाबरतच.
दिवे मीच लावले, माझ्याच हातानं,
आता घरात दुसरं कोण.
त्यानंतर पेन हातात घ्यायचं नसतं.

शनिवारी रात्री, तीन तारे दिसल्यावर, वही उघडली.
'बाहेर काढल्याची वेळ' हा रकाना कोरा.
आठवून पाहिलं, आकडा काही येईना.
एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.
शेवटी तिथे लिहिलं:
पेझारकरांनी दोनदा घेतलं.