खोकं जपून ठेवा

हप्त्यावर कूलर घेतला त्या दिवशी
पारा त्रेचाळीसवर,
जिंतूर रोडचं डांबर चपलेला धरून बसायचं.
मुंदडा शेठ पावतीवर शिक्का मारत म्हणाले,
"खोकं जपून ठेवा बरं का.
काही बिघडलं तर खोक्यासकट आणा,
खोकं नाही तर गॅरंटी नाही."

जपण्याचं मला काय सांगता.
तहसीलसमोर टेबल टाकून
लोकांचे अर्ज लिहिणारा माणूस मी,
कागद जपण्यातच अठरा वर्षं गेली.
पलंगामागं उभं केलं, वर चादर टाकली,
शलाकाला बजावलं : याला हात लावायचा नाही.

बजावलं नसतं तर
तिचं लक्षही गेलं नसतं कदाचित.

दुसऱ्या दुपारी जेवायला आलो
तर खोक्याला खिडकी!
विळीनं कापलेली, कडा उंदरानं कुरतडल्यागत.
आत शलाका, माझा जुना चष्मा नाकावर.
बाहेर रांगेत सुमेध, शेजारची नौशीन,
नौशीनच्या कडेवर तिचा शेंबडा भाऊ.
"अर्जावर तिकीट नाही. उद्या या."
"मॅडम, लई लांबून आलाव."
"साहेब मिटिंगला गेलेत."
सुमेधनं हळूच एक चिंचोका आत सरकवला.
तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं,
चिंचोका घेतला,
माझ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबून
त्याच्या कपाळावर उमटवला :
मंजूर.

मी ओरडलोच.
गॅरंटी, बाराशेचा हप्ता, विळी, बोट कापलं असतं म्हणजे...
सगळं एकदमच बाहेर पडलं.
पोरं भिंतीला चिकटली.
बायको भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली,
"हुबेहूब तुमच्यासारखी बसली होती."

रात्री पाणी प्यायला उठलो,
मोबाइलच्या उजेडात खोक्यात डोकं घातलं.
आत पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं यादी :
नौशीनच्या अम्मीला शिलाई मशीन – मंजूर.
सुमेधला पोहता येणे – मंजूर.
पप्पांना दुपारची सुट्टी –
कागदपत्रं अपूर्ण.

त्यानंतर मी फार काही केलं नाही.
बोलायचं तेवढं थांबवलं.
कचेरी चार दिवसांत बंद पडली, तिचं जहाज झालं.
"पप्पा, समुद्र किती लांबय आपल्याकडून?"
"लई."
"मग इथंच आणाव लागंल."
आई म्हणाली, नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं,
समुद्र कोरडाच करा.
आणि स्वतःच पेटीतली निळी साडी काढून
फरशीवर पसरली. लग्नानंतरची पहिली.
भर दुपारी, वीज गेलेली,
घामानं निथळत तीन खलाशी
पलंगाच्या बेटाकडं निघाले.

अठराव्या दिवशी मोटार जळाली.

रिक्षात घालून नेलं सगळं.
दोन खिडक्या, एक दार, नांगर,
आणि जागोजाग जांभळे अंगठे.
दुकानातलं पोरगं हसलं, "शेठ, हे कंपनी घेत नसते."
मुंदडांनी चष्मा चढवला, वाकले,
यादी वाचली, पुन्हा वाचली.
वाटलं, आता पाघळतील.
"मोटारीचे साडेसातशे पडतील," ते म्हणाले.

दिले. काय करता.
पायरी उतरलो आणि परत वळलो.
"शेठ, फ्रिजचं एखादं रिकामं खोकं आहे का?"
"कशाला?"
"कचेरीत जागा कमी पडायलीय."

उन्हातून चालत आलो,
डोक्यावर पालथं खोकं, माझ्यापुरती सावली.
चहावाला ओरडला, "वकीलसाहेब, घर बांधायलात का?"
मी वकील नाही. तरी हात हलवला.

शलाकानं दारातच वितीनं माप घेतलं,
फेरी मारली, नाक मुरडलं :
"याला खिडकीच नाही."
विळी मीच घेतली.
"मी कापतो," म्हटलं,
"तू फक्त सांग, कुठं."