आडवं आधी, मग उभं

आज चौथा दिवस. यंत्र म्हणतं, चाक तयार होत नाही.
कसलं चाक, कुठल्या गाडीचं, ते सांगत नाही.
लाल ओळी उतरत जातात, दीडशे, दोनशे,
आणि कामाची ओळ एकच, अगदी तळाला,
जी मी सगळ्यात शेवटी वाचतो.

निवतीत रेंज फक्त जेटीच्या टोकाला.
तिथे बर्फाच्या खोक्यावर लॅपटॉप, उन्हासाठी वर गोणपाट.
बासष्ट एमबीतले अठ्ठावन्न आले
आणि खवणेकरांची होडी धक्क्याला लागली.
दोर आला, फोन गेला,
पाण्यात नव्हे, नशीब, जाळ्यात.
पुन्हा शून्यापासून.

रात्री बसलं एकदाचं. बसलं, पण सापडेना.
पायथन तीन होते यंत्रात,
एका घरात तीन भावांच्या तीन चुली.
लायब्ररी ठेवलेली एकीच्या फडताळात
आणि मी दुसरीच्या दारात विचारत उभा.
ते निस्तरलं, मग कळलं:
माझ्याच फाईलला मी लायब्ररीचं नाव दिलंय.
यंत्र तिला हाक मारायचं, ओ मी द्यायचो.
आणि माझ्याकडे काय होतं?
सात ओळी, एक न मिटलेला कंस.

काम तसं साधं. सोसायटीला हवी बांगड्यांची लांबी,
रापण ओढल्या ओढल्या, फोटोवरून,
म्हणजे पिल्लं किती आली ते वहीत राहील.
फोटो काढते चंद्रप्रभा कुबल,
एका हाताने, दुसऱ्यात कोयती,
म्हणून निळा क्रेट नेहमी तिरका.
जवळची कड रुंद, लांबची निमुळती,
पायापाशी पडलेला बांगडा सुरमईएवढा.
चार कोपरे द्यायचे, चित्र सरळ होतं.
असं लिहिलंय.

पहिल्यांदा काळं आलं. नुसतं काळं,
दीपगृह विझल्यावरच्या पाण्यासारखं.
कुठून कुठे न्यायचं, तेच मी उलटं सांगितलं होतं.
मग ओळ आधी की रकाना आधी, यात दुपार गेली:
चित्र विचारतं उभं आधी,
बिंदू सांगायचे तर आडवं आधी,
आणि दोघांनाही वाटतं, जग असंच मोजतं.

संध्याकाळी काहीतरी उमटलं. पिळलेलं.
मधोमध गाठ, बांगडे एका बाजूने आत शिरून
दुसऱ्या बाजूने पालथे बाहेर.

चंद्रप्रभाला दाखवलं, हसेल म्हणून.
ती हसली नाही. हात पुसले, पडद्यापासून लांबच राहिली.
"ताडपत्रेची घडी घालताना
समोरच्यान कोन उलटे धरले, की असोच पीळ पडता.
फिरान धर. तिरक्या जाव नको."

आणि गेली गोलम्यावर जाळी पसरायला.
एक दगड, कडेने चालत दुसरा,
कडेने तिसरा, कडेने चौथा.
मधून गेली नाही. मधे गोलमा होता.

डावा वरचा, उजवा वरचा,
उजवा खालचा, डावा खालचा.
एवढंच. एका ओळीतले दोन आकडे इकडचे तिकडे.
क्रेट आला समोर, चौकोनी, आज्ञाधारक.
बांगडे सगळे आपापल्या लांबीचे.
एकोणीस पूर्णांक चार, यंत्र म्हणालं.
तिने पट्टी लावली. एकोणीस.
"चार खंयसून इले?"
मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

पण चित्राच्या कडेला अजून एक चूक उरलीय,
ती मी काढणार नाहीये, काढताही येत नाही.
सपाट पडलेलं तेवढंच सरळ होतं.
क्रेटच्या काठावर बसलेला कावळा
ताणला गेला हातभर, चोच एकीकडे, शेपूट वाळूत,
आणि चंद्रप्रभाचा घोटा, खवले चिकटलेला,
वर वर लांबत फोटोबाहेर निघून गेलेला,
कारण ती उभी होती.

मी अजून बघत होतो.
"झाला मा? क्रेट सोड," ती म्हणाली,
"बरफ इतळता."