चाळीस मीटर

केतकीने विचारलं, मामा, दुकान कुठे आहे आपलं?
मी म्हटलं, हे काय, इथे.
तिने फोन पुढे धरला. इथे म्हणे समुद्र आहे.
आणि खरंच, माहीमच्या खाडीत, भर निळ्यात
लाल टाचणी, तिच्याखाली मी:
चुरी वजनकाटे, दुरुस्ती व विक्री.
कायमचे बंद, असंही लिहिलेलं.
मी तेव्हा दुकानातच होतो,
मांडीवर किराणावाल्याचा उघडा काटा,
ओठांत दोन स्क्रू.

एक्केचाळीस वर्षं पत्ता सांगत आलो:
बेकरीच्या मागच्या अंगाने या,
दुपारी केकचा वास लागला की थांबा, तेच दुकान.
केतकी म्हणाली, वासाला पिनकोड नसतो.
आणि तीन ठिकाणी तीन नावं आहेत तुमची,
कुठे चुरी, कुठे चौरी, कुठे चुरी अँड सन्स.
ते बाबांच्या वेळचं, मी म्हटलं. तो सन मीच.
एक नाव, एक नंबर, एक पत्ता, ती म्हणाली,
सगळीकडे काना-मात्रेसकट तोच,
नाहीतर यंत्राला वाटतं, हा माणूस खोटा.
हे मात्र पटलं.
दोन मापांत फरक आला की मलाही तेच वाटतं.

मग धंद्याचा प्रकार विचारला.
मी घाईत होतो. वजन, म्हटलं. वजनाचं काम.
आठ दिवस फोन खाली ठेवू देईनात.
एक मुलगी: डिसेंबरात लग्न आहे, बारा किलो होतील का?
एक गृहस्थ: नुसत्या पोटाचे किती घेता?
मी सांगायचो, मी वजन कमी करत नाही हो,
आहे तेवढंच दाखवतो.
एकाने रागाने एक तारा दिला.

पत्ता खरा ठरवायला टपालाने पत्र येणार होतं.
आणलं घाडीगांवकर पोस्टमनने,
जो सत्तावीस वर्षं माझ्या बाकड्यावर पाणी पितो.
आत नुसते पाच आकडे.
हे कशाला रे?
मी इथे आहे की नाही, ते ठरवायला.
त्याने तांब्या संपवला, पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
मग, आहेस का? म्हणाला.

ताऱ्यांचं मला अजून जमत नाही.
माझ्या वजनांवर सरकारी शिक्का असतो,
मुदत संपली की पुन्हा पडताळणी.
तारा किती ग्रॅमचा? कुणी पडताळला?
पलीकडच्या मोबाईलवाल्याकडे एकशे दहा आहेत,
निम्मे सासुरवाडीचे.
केतकी म्हणते, खोटे नकोत, पण गिऱ्हाइकाकडे मागा तरी.
मागायला जीभ वळत नाही.

गुरुवारी एक बाई आली,
काखेत ताटाएवढा काटा, डोळे फोनवरच्या निळ्या रेषेवर.
कुटिन्हो. घरीच केक करते. मैदा वीस ग्रॅम जास्त दाखवतो.
'माझ्या जवळ काटा दुरुस्ती' असं शोधलं, म्हणाली,
तुम्ही दुसरे आलात.
पहिला कोण?
वांद्र्याचा. तो फोन उचलत नाही.
आणि राहता कुठे?
तिने बोट वर केलं. आमच्याच छपराच्या वर, तिसरा मजला.
अकरा वर्षं.
नकाशा म्हणतो चाळीस मीटर. जिने धरलेले नाहीत.

काटा उघडला. सेलखाली साखरेचा एक दाणा.
फुंकरीने गेला.
पैसे काय घेणार? ती ऐकेना, तीस घेतले.
जाता जाता म्हणाली, चारला ओव्हन लावायचाय,
रोजचाच असतो, बरं झालं तुम्ही जवळ निघालात.

चारला.

बेकरीची भट्टी तर पहाटेची,
दुपारी तिथे मांजरं झोपलेली असतात.
तारे मागायचे राहूनच गेले.
केतकीला फोन लावला,
म्हटलं, पत्त्यात एक दुरुस्ती आहे.