पावणेतीन व्होल्ट

किल्ली फिरवली तर घसा बसल्यासारखं
एकदाच म्हणालं, ग्ग्र.
मग थांबलं. मग पुन्हा, आणखी खालच्या पट्टीत.

ओहोटी लागली होती.
आमच्या चिलोएत पाणी हळूच निरोप घेऊन जात नाही,
भर पंगतीत कुणी खालचा पाट ओढावा तसं जातं.
तासाभराचा उशीर, की बोट चिखलात
आणि सांजेपर्यंत तिच्या पोटाखाली कोंबड्या.

दोरी ओढून चालू होतं, ठाऊक आहे.
वीस वर्षं ओढलीच की.
या उजव्या खांद्यानेच शेवटी बटणाचं इंजिन घ्यायला लावलं,
हप्त्यांवर, चाळीस घोड्यांचं.
गोठ्यात चाळीस घोडे, आणि दाराची कडी निघेना.

धक्क्यावर सल्ल्याला काय तोटा.
डॉन रोसामेल म्हणाला, स्टार्टर गेला.
नवा स्टार्टर म्हणजे दोन कोकरं, वर बटाट्याचं पोतं.
फिदेलिना म्हणाली, बॅटरी बदल, माझ्या भाच्याकडे आहे.
तिच्या भाच्याकडे नेहमीच काहीतरी असतं.
जखम मांडीला, मलम शेंडीला.
मी पोराला हाक मारली,
इसाउरो, मीटर आण.
शाळेच्या सरांकडून उसना आणलेला,
परत द्यायचा राहिलेला.

बॅटरीवर नुसता टेकवला. बारा पूर्णांक सहा.
निवांत बसलेला कुणीही धडधाकटच दिसतो.
काम सांगून बघू, म्हटलं, आणि किल्ली फिरवली.
साडेअकरा! तो ओरडला.
म्हणजे बॅटरी प्रामाणिक. भाचा बाद.
आता स्टार्टरवर लाव.
साडेआठ.
तीन व्होल्ट घरून निघाले
आणि वाटेत कुठेतरी उतरले.

लाल तारेवर पाव.
पाव म्हणजे जकात, देऊन टाकावी.
काळ्या तारेवर, बॅटरीपासून इंजिनाच्या अंगापर्यंत,
पावणेतीन.
हात फिरवून पाहिला. तार गार,
फक्त टोकाशी, चिकटपट्टीच्या गुंडाळीखाली
उकडलेल्या बटाट्यासारखी ऊन.

ती गुंडाळी माझ्या भावाची, बेलार्मिनोची.
तिरकी, घट्ट, प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर,
जणू मोडलेलं हाड बांधतोय.
पाऊस होता त्या दिवशी, तार ओली.
पुसून घे म्हटलं, तर म्हणाला, आत कोण बघतंय.
नंतर बापाच्या कुंपणावरून आमचं वाजलं,
तो पुंता अरेनासला निघून गेला.
तीन वर्षं. नाताळलासुद्धा फोन नाही.
पट्टी मात्र सुटली नव्हती.
बाहेरून काय सुरेख.

चाकू घातला. आत हिरवं पीठ.
तांब्याच्या बटा, बोट लावताच गळणाऱ्या,
शंभरांतल्या दहा-बारा जिवंत,
सगळं ओझं त्यांच्याच डोक्यावर.
डॉन रोसामेल वाकून म्हणाला, हं.
एवढंच. स्टार्टरचं नाव पुन्हा काढलं नाही.

चार बोटं तार कापली,
चकाकी लागेना म्हणून आणखी दोन.
नवं टोक ठोकून बसवलं,
इंजिनाच्या अंगावरचा रंग खरवडला, बोल्ट आवळला,
ग्रीस फासलं.
इसाउरोने चिकटपट्टी पुढे केली.
नको. दिसत राहू दे.

पाणी गुडघ्याखाली आलेलं.
किल्ली.
या वेळी आवंढा गिळलाच नाही,
अर्ध्या वाक्यातून बोलायला लागावं तसं सुरू झालं,
निळा धूर, आणि किनाऱ्यावर फिदेलिनाची कोंबडी
फूटभर हवेत.

खाडीच्या तोंडाशी पोरगा विचारतो,
हिरवा तुकडा टाकू का पाण्यात?
फोटो काढ, म्हटलं. मामाला पाठव.
काय लिहू?
सुकाणू डाव्या हातात होतं. थोडा वेळ लाटांकडेच बघितलं.
पावणेतीन.
नुसता आकडा?
नुसता आकडा. नाही कळला
तर विचारील.