नाव घालणे

भांडी बाजारात, पितळेच्या दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर
माझी जागा. टेबल नाही, गुडघा आहे.
बत्तीस वर्षं लोक त्यावर
तांब्या, परात, कळशी आडवी करतात
आणि म्हणतात, नाव घाला.

मी घालतो.
चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम.
कै. अमक्यांच्या स्मरणार्थ.
एकदा एका डब्यावर नुसतंच: परत द्यावा.
अक्षराला दोन रुपये. अनुस्वाराचे घेत नाही.

शनिवारी शरणपूरहून एक बाई आल्या, सुवार्ता शिरसाठ.
टॉवेल उलगडला.
"प्रभुभोजनाचा प्याला आहे. बुडाखाली नाव घालायचंय."

उचलला तेव्हाच कळलं, हा आपल्याकडचा हात नाही.
आतून ठोक्यांच्या खुणा, मासोळीच्या खवल्यांसारख्या.
आणि कान केवढा! पुरुषाची चार बोटं बसतील असा.
चर्चच्या भांड्याला एवढा कान कशाला?

बाई हसल्या.
"घरातला मग होता तो, अमेरिकेतला. बिअर प्यायचे त्यातून.
तेव्हा तिथेही इंग्रजांचंच राज्य.
मग घरधनी गेला, आणि म्हातारीने मरताना
तो तिच्या चर्चला लिहून दिला.
पुढे त्या चर्चला नवे प्याले आले,
आणि हा एका मडमेच्या पेटीतून इथे."

कानावर तीन अक्षरं, चुलीच्या दगडांसारखी मांडलेली.
"वरचं आडनाव," त्या म्हणाल्या, "खाली एक त्याचं, एक तिचं."
म्हणजे लग्नातलं भांडं.
एवढं मला इंग्रजीतही कळतं.

समोरून विसपुते सराफ उठून आला.
नखाने वाजवला, कानाशी नेला.
"नाण्यांची चांदी. कुठले तरी रुपये आटवलेत.
ताई, नाव घालू नका. किंमत उतरेल."
"विकायचा नाही," बाई म्हणाल्या.
मग, टॉवेलाची घडी घालत, "यंदा तरी नाही.
छप्पर गळतंय. पंचांनी दोनदा विषय काढलाय."

मी प्याला उजेडाकडे फिरवला.
पोटावर म्हातारीचं नाव असणार, लांबलचक.
पहिलं अक्षर दिसलं, सालाचं शेपूट दिसलं.
मधे सगळं गुळगुळीत, आंघोळीच्या दगडासारखं.
"हे कुणी पुसलं?"

"सालोमीबाईंनी.
सेहेचाळीस वर्षं, दर शनिवारी,
रिठ्याचं पाणी आणि जुन्या धोतराची चिंधी.
वाचता येत नव्हतं.
रेघांत काळं साचायचं ना,
त्यांना वाटायचं डाग आहे.
तिथेच जास्त घासायच्या."

विसपुतेसुद्धा काही बोलला नाही.

"मागच्या महिन्यात गेल्या. त्यांचंच घालायचंय."

मी मशीनची वायर काढली.
बापाची छिन्नी डब्यात तळाशी होती, तेलाच्या फडक्यात.
प्याला उपडा केला.
इतक्या ओठांना लागलेलं तोंड
माझ्या लेंग्यावर टेकलं.
बुडाला त्या कारागिराने वजन ओरखडलं होतं,
सातचा आकडा वाकडा, घाईतला.
त्याच्या शेजारी जागा सोडली, पानात लिंबासाठी सोडतात तेवढी.

"स्मरणार्थ?"
"नको."
"कै. तरी?"
"नको. नुसतं नाव."

सालोमी उजागरे.
सात अक्षरं, अर्धा तास.
ज-चा काना जरा खोल गेला. हात जुना झाला माझा.

चांदीचा कीस निघाला, चिमटीभर.
एरवी मी फुंकून टाकतो.
बाईंनी बसच्या तिकिटात पुडी बांधली,
काय करणार विचारलं नाही.
चौदा रुपये झाले. वीस दिले.
सुटे नव्हते, त्या थांबल्याही नाहीत.

विसपुते म्हणाला, "हेही जाईल बघ. शंभर वर्षांनी."
मी म्हणालो, बुडाला एवढं कोण घासतं?
पण त्या बाई परातींच्या चळतीआड वळल्या
तेव्हा टॉवेलातून त्यांचा अंगठा
नेमका तिथेच फिरत होता.