कुणाची गं तू

तेरच्या फाट्यावर उतरले,
बॅग खाली ठेवायच्या आत गफूरभाईनं विचारलं,
"सिस्टर, तिकडं चहा भेटतो का?"

चहा नाही, कॉफी.
लेकरांना जंताचं औषध मी ज्या मापानं पाजायची
तेवढीच. काळी. उभ्या-उभ्या.
त्यानं न बोलता कप काठोकाठ भरला.

"आणि काय बघितलं?"

एक डोंगर बघितला, गाव गाडणारा.
गाडलेलं गाव बघितलं: भट्टी, जातं, उंबरे,
दगडी रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या,
वीतभर खोल.
सुनेचे सँडल घातलेला पाय एका चाकोरीत ठेवला.
लोक सांगतात, चाकोरी सोडा.
गाव गेलं, गाडीवान गेले,
चाकोरी मात्र होती तिथंच होती.

ओर्नेलाचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद.
दुसऱ्या वळणावर गुडघ्यानं दम धरला,
तेव्हा वरून आवाज आला,
"हळू."

गफूरभाई, तुम्हाला आठवत नसेल.
दुष्काळ सरल्यावरच्या तिसऱ्या हिवाळ्यात
आपल्या पांढरीत खोदकाम चालू होतं.
मी चौदा वर्षांची, तांड्यावरून यायची, पाट्या वाहायची.
ती बावीसची, गोरी, नाक सोललेलं,
खड्ड्यात पालथी पडून ब्रशनं माती झाडायची.
तिला मराठी पाचच शब्द यायचे:
हळू. माती. पाटी. थांब. अजून.
मला तिचा एकही नाही.
तेवढ्यावर दोन हंगाम निघाले.
मग पन्नास वर्षं पोस्टकार्डं,
तिकडून डोंगराचं चित्र,
इकडून माझ्या नोकरीची, लेकरांची,
कुणाच्या तरी हातून लिहवून घेतलेली, मग माझ्याच हातची.

आठ दिवस आम्ही त्याच पाच शब्दांत राहिलो.
मी भाकरी थापली: थांब.
तिनं ताटात वाढलं: अजून.
तिच्या नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवली,
तिनं खाली बोट केलं: माती.

मग तिनं मला तिच्याकडं नेलं.

म्युझियमात, काचेत, हस्तिदंताची बाई.
उंची वीतभर. दोन्ही बाजूंना दोन पोरी.
अंगावर दागिन्यांखेरीज सूत नाही,
नातू सोबत नव्हता तेच बरं.
आपल्या म्युझियमात तिच्यासारखीच एक उभी आहे,
तुम्ही म्हणता ना, शाळेच्या सहलीत पोरं जिला बघून हसतात.
खाली पट्टीवर लिहिलेलं, भारत.
एवढंच. इतक्या मोठ्या पत्त्यावर
कुणाला पत्र पोचतं?

मी तिचे हात बघत होते.
मनगटापासून वर, बांगडीला बांगडी लागून.
माझ्या याडीच्या दंडात अशाच होत्या, हाडाच्या.
बाप गेला तेव्हा वरच्या उतरल्या.
खालच्या राहिल्या, त्या हात सुजल्यावर मीच काढल्या.
दवाखान्याची कात्री चालेना,
लोहाराकडून करवत आणली.
खालची कातडी निघाली लेकराच्या तळपायासारखी,
उन्हाला कधी दिसलीच नव्हती.
याडी हाताकडं बघत बसली,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी.

हिच्या कुणी कापल्या नव्हत्या.
एवढा डोंगर अंगावर पडला तरी.

इथून गेली असेल का गं, पैठणच्या वाटेनं,
गोणीत, कापसात गुंडाळून,
बैलांच्या पाठीवर, मग गलबतात?
कुणी ठरवलं, कुणी रडलं?
काचेजवळ तोंड नेलं आणि
गावात नवीन पोर दिसली की विचारतात
तसं विचारलं, "कुणाची गं तू?"

काचेवर वाफ धरली.
पहारेकरी आला. ओर्नेला त्याला काहीतरी बोलली,
तो दोन पावलं मागं सरला.

गफूरभाईनं भांड्याखालचा गॅस बारीक केला.
"मग? आपली होती का?"

नाही सांगितलं तिनं.
चारचौघांत, सासरी,
लेक कधी तोंड उघडते का?